पिशवीतला मातीचा गोळा: फोंड्यातल्या एका बागेचं प्रकरण

फोंडा तालुक्यात डोंगराच्या उतारावर बांधलेलं नवं घर, भोवती साधारण पाचशे चौरस मीटर मोकळी जागा. माघात वास्तुशांत झाली आणि त्याच आठवड्यात रस्त्याकडेच्या एका रोपवाटिकेतून टेम्पो भरून तीसेक झाडं आली. गुलाब सर्वांत जास्त, मग शेवंती, जरबेरा, मोठ्या फुलांची संकरित जास्वंद, कुंपणालगत लावायला एक्झोरा, शिवाय दोन आंबे, एक चिकू आणि एक जायफळ. आली तेव्हा सगळी टवटवीत, बहुतेक फुलावर. पुढच्या दसऱ्याला त्यातली सात-आठच जिवंत होती.

घर निवृत्त जोडप्याचं. काका मूळचे इथलेच, पण नोकरीची सगळी वर्षं पुण्यात गेली. काकी पुण्याच्याच. तिथल्या गच्चीवर त्यांनी वर्षानुवर्षं गुलाब फुलवले होते. खत कधी घालायचं, छाटणी कुठे घ्यायची, पाणी किती द्यायचं, यातलं त्यांना काही शिकवायची गरज नव्हती. घरगुती बागा पाहून सल्ला द्यायचं काम मी करते. मला बोलावतात तेव्हा बहुतेक ठिकाणी निगा कमी पडलेली असते. इथे निगा चोख होती, चुकली होती ती झाडांची निवड. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं.

काकींनी पहिल्याच भेटीत विचारलं, "अगं, पुण्यात मी नुसती काडी खोचली तरी फुटायची. इथल्या विहिरीच्या पाण्यात काही आहे का?" काकांना कुणीतरी जागेचा दोष सांगितला होता. आपल्या हाताचा गुण गेला असं काकींच्या मनाने घेतलं होतं, आणि ते मला फार लागलं. आयुष्यभर झाडं जगवलेल्या बाईने एका पावसाळ्यात स्वतःवरचा विश्वास गमवावा, इतकं यात त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं.

विहिरीचं पाणी तपासून घेतलं. क्षार अगदी कमी, बागेला उत्तम. मांडवी किंवा जुवारीच्या काठाला, खाजनांच्या, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांच्या, शेजारी घर असतं तर एप्रिल-मेमध्ये पाणी पुन्हा तपासायला लावलं असतं, कारण उन्हाळ्यात नदीचं गोडं पाणी घटलं की भरतीचं खारं पाणी बरंच आत चढतं आणि काठावरच्या विहिरी मचूळ होतात. डोंगरावरच्या या विहिरीला ती भीती नव्हती.

मेलेली झाडं उपटल्यावर

सुकलेल्या गुलाबाच्या बुंध्याला धरून ओढलं, तर झाड आख्खं वर आलं. मुळांभोवतीचा गोळा पिशवीतून काढला होता तसाच्या तसा होता. दंडगोल आकार, कडेला पॉलिथिनच्या घड्यांचे वळ, तळाला पिशवीच्या शिवणीची रेघसुद्धा. भोवतीची माती लाल, भुसभुशीत, चिऱ्याचे खडे मिसळलेली. गोळा मात्र करड्या चिकणमातीचा. फोडायला कुदळीचा दांडा मारावा लागला. आतली मुळं काळी पडली होती, चिमटीत धरून ओढली की साल हातात यायची आणि आतली तार उरायची. नासल्याचा आंबूस वास येत होता. आठ महिन्यांत एकही मूळ गोळ्याच्या बाहेर लाल मातीत शिरलं नव्हतं.

गोव्यात विकली जाणारी शोभेची आणि फुलांची बरीचशी झाडं बाहेरून येतात: पुणे-कोल्हापूरकडून, बंगळूरकडून, थेट आंध्रातल्या कडियमहूनही. लांबच्या प्रवासात गोळा फुटू नये आणि वाटेत पाणी टिकावं म्हणून ती चिकणमातीत भरलेली असतात. विकणाऱ्याच्या सोयीची माती ती. कमी पावसाच्या मुलखात ती चालूनही जाते. पुण्यात वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गोव्यात 3000 च्या आसपास, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

अशा गोळ्याभोवती आपली जांभ्याची भरड माती आली की दोन्ही ऋतूंत घात होतो. उन्हाळ्यात घातलेलं पाणी भरड मातीतून झरझर खाली जातं आणि मधला चिकण गोळा आक्रसून विटेसारखा होतो. वरून ओल दिसते, मुळं मात्र कोरडी. पावसात उलट. गोळा एकदा भिजला की त्याच्या बारीक कणांनी धरलेलं पाणी भोवतीच्या मोठ्या पोकळ्यांच्या मातीत सहज उतरत नाही, ते गोळ्यातच अडकून राहतं. चार महिने मुळांना हवा नाही. मुळं गुदमरतात आणि मग कुजवणारी बुरशी बाकीचं काम करते. काकींचे गुलाब मे महिन्यातच निम्मे खचले होते, जुलैने त्यांना संपवलं.

गुलाबाचं आणखी एक कारण पानांवर होतं. पडलेल्या पानांवर काळे, कडा फुटलेले ठिपके होते. या बुरशीला पान सलग सात-आठ तास ओलं मिळालं की ती रुजते. आपल्याकडे जुलैत पान कोरडं असतं कधी? पुण्यात फवारणी करून आवरणारा रोग इथे औषध धुऊन जात असल्याने आवरत नाही.

इतर झाडांची कारणं वेगवेगळी निघाली. एका आंब्याचं सोटमूळ पिशवीच्या तळाशी वेटोळं घालून बसलेलं होतं. असं झाड लावणाऱ्याच्या हातात येण्याआधीच अधू झालेलं असतं, ते आज मरतं किंवा पाच वर्षांनी वाऱ्याने आडवं होतं. संकरित जास्वंदीच्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण माजला होता आणि तो रोपवाटिकेतूनच आलेला असणार, कारण खालच्या जुन्या पेरांतही त्याचे पांढरे पुंजके होते. एक्झोरा मेला नव्हता, पण पिवळा पडला होता: शिरा हिरव्या, मधलं पान फिकट. त्याचं उत्तर झाडात नव्हतं, भिंतीत होतं. ते पुढे येईल.

एका आवारातल्या पाच जमिनी

नवीन झाडांची यादी करायची घाई काकांना होती. मी आधी जागा बघू म्हटलं. दक्षिण-पश्चिमेचा वारा कुठून आत येतो, दुपारी तीननंतर ऊन कुठे पोचतं, पागोळ्या कुठे पडतात, पावसाचं पाणी कुठून वाहून गेलं त्याच्या खुणा अजून ताज्या होत्या. ऑक्टोबर हा महिना यासाठी फार चांगला, पावसाने केलेलं सगळं जमिनीवर लिहिलेलं असतं.

समोरचा उतार बांधकामासाठी कापलेला. वरची माती जेमतेम वीतभर, खाली चिऱ्याचा घट्ट थर. तिथे फूटभर खोल खड्डा काढून पाण्याने भरला, ते जिरू दिलं आणि पुन्हा भरून बघितलं. दुसऱ्या खेपेला पाणी तासाला इंचभरसुद्धा उतरेना. म्हणजे कडक थरात खणलेला प्रत्येक खड्डा पावसाळ्यात हौद होणार. काकींनी दोन फुटांचे खड्डे खणून, त्यांत शेणखत-माती भरून गुलाब लावले होते. पुस्तकाप्रमाणे ते बरोबर होतं. या जमिनीत त्या खड्ड्यांना पाणी जायला वाटच नव्हती.

मातीचा सामू (पीएच; सातच्या खाली आम्ल, वर अल्क) समोर साडेपाचच्या जवळपास निघाला. जांभ्याच्या मातीत हे अपेक्षितच. लाखो वर्षांच्या पावसाने तिच्यातला चुना, मॅग्नेशियम आणि पालाश धुऊन नेलेलं असतं, मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं. माती लाल दिसते ती त्या लोहामुळे. घातलेलं स्फुरदही (फॉस्फरस) हे लोह-ॲल्युमिनियम पकडून ठेवतं, त्यामुळे नुसतं खत ओतून भागत नाही. पुण्याच्या बाजूची काळी माती बेसाल्टची, चुनखडीची, सामू साडेसातच्या वर. काकींचा सगळा अनुभव त्या मातीवरचा होता.

आणि कुंपणाच्या भिंतीलगत तोच सामू आठच्या घरात! तिथे खणल्यावर कारण हाती आलं: सिमेंटचे गट्टे, गिलाव्याचे खवले, चुन्याची भुकटी. बांधकामाचा सगळा कचरा गवंड्यांनी भिंतीच्या कडेला पुरून वर लाल मातीचा थर ओढला होता. एक्झोराला आम्ल माती लागते. सामू चढला की मातीत लोह भरपूर असूनही मुळांना ते घेता येत नाही आणि नवी पानं पिवळी पडतात. लोहाने लाल झालेल्या जमिनीत लोहाच्या कमतरतेने आजारी झाड, हे नव्या घरांच्या भिंतींलगत मी पुष्कळदा पाहते. गोव्यात सध्या जिकडेतिकडे बांधकामं चालू आहेत. घर बांधून घेणाऱ्या प्रत्येकाने ठेकेदाराशी या कचऱ्याबद्दल आधीच बोलून घ्यावं, नंतर तो उपसणं फार महाग पडतं.

उरलेल्या तीन जागा लवकर समजल्या. कौलारू छपराच्या पागोळ्यांची रेघ, जिथे धारेच्या माऱ्याने मातीत चर पडला होता. मागच्या दारी मोरीचं पाणी मुरणारी, बारमाही ओली जागा. आणि उत्तरेला जुन्या फणसाखालची सावली, जिथली माती सर्वांत सुपीक होती, कारण वर्षानुवर्षांचा पाचोळा तिथेच कुजला होता.

याशिवाय मी काकांना घेऊन शेजारच्या कुळागरात गेले. माड, पोफळी, त्यांच्या सावलीत केळी, जायफळ, पोफळींवर चढवलेली मिरी, खाली अननस आणि हळद, सगळ्यांना व्हाळाचं पाटाने फिरवलेलं पाणी. तिथले भाऊ सत्तरीच्या पुढचे, कुळागर त्यांच्या आजोबांपासूनचं. काकांनी त्यांना विचारलं की आम्ही काय लावावं. ते कोकणीत म्हणाले, "पावसांत तिगता तेंच लायात." पावसात टिकेल तेच. मग त्यांनी काकांना मिरीचा एक वेल दाखवला, वळवाच्या पावसात चांगला होता आणि श्रावणात आठ दिवसांत मान टाकून गेलेला. मिरीची ही मर पाण्यातून पसरते. ती इथल्या मातीत आहे हे कळणं आम्हाला पुढे फार उपयोगाचं ठरलं.

काय हवं आणि कुठे बसेल

काकींना विचारलं, बाग कशासाठी हवी? चतुर्थीला देवाला घरची फुलं, श्रावणातल्या आयतारांच्या पूजेला पत्री, माटोळीला, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरच्या लाकडी चौकटीला, बांधायला दोन-चार घरची फळं, आणि केसात माळायला काहीतरी रोज. काकांना मानकुराद आंबा हवा होता आणि सोलांसाठी कोकम. गुलाबाचं नाव काकींनी मुद्दाम काढलं नाही.

ही यादी ऐकून मला बरं वाटलं, कारण यातली जवळपास प्रत्येक गोष्ट या हवेतलीच आहे. पुण्याची बाग थंडीत फुलते. इथली देवाची फुलं पावसात फुलतात. म्हार्दोळला महालसेच्या देवळात जायांची पूजा होते ती ऐन पावसाळ्यात, कारण जाई तेव्हाच बहरात असते. जे झाड पावसाला आपला बहर मानतं, त्याच्यासाठी आपल्याला पावसाशी भांडावं लागत नाही.

समोरच्या उतारावर खड्डे न खणता चिऱ्यांचे तुकडे रचून फूट-दीड फूट उंचीचे उंचवटे करायचं ठरलं, माती त्यांच्यावर भरायची. तिथे जाई, तगर, देवचाफा, बोगनवेल. बोगनवेलीला मुरमाड जमीन मानवते, मुळाशी पाणी साचलं नाही की झालं. जास्वंद एकेरी लाल, गावठी. तिला दुहेरी संकरितांची शोभा नाही, पण ती रोज फुलते आणि कळ्या पावसाने नासत नाहीत. माकडं कळ्या खातात, त्याला इलाज मला अजून सापडलेला नाही. खिडकीजवळ, माणसांच्या वावरात लावली तर नुकसान कमी होतं एवढंच.

भिंतीलगतचा कचरा हातभर खोलीपर्यंत उपसला. तरी भिंतीचा चुना झिरपत राहणार, हे धरून तिथे चुनखडी सोसणारी झाडं घेतली: पारिजातक आणि कण्हेर. कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी असतो. घरात नातवंडं येतात, म्हणून ती मागच्या कोपऱ्यात, फाटकापासून दूर लावली. एक्झोरा तिथून उचलून समोरच्या आम्ल मातीत नेला.

पागोळ्यांखाली काही जगवायचा अट्टाहास करू नये. तिथे चिऱ्याची खडी पसरली, कडेला स्पायडर लिलीची ओळ. मोरीच्या पाण्यावर केळी, अळू आणि कर्दळ. पिढ्यान्पिढ्या घरोघरी हेच करत आलेत आणि ते योग्यच आहे. फणसाच्या सावलीत अबोली, हळद, आंबेहळद, कुंड्यांतून अँथुरियम. अबोलीला गाळीव ऊन चालतं.

कोकम आणि जायफळ यांबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण इथे लोकांची वर्षं वाया जातात. दोन्हींत नर झाडं वेगळी, मादी वेगळी. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि जायफळाच्या बाबतीत ते कळायला सहा-आठ वर्षं जातात. टेम्पोतून आलेलं काकांचं जायफळ बियांचं रोप होतं. ते जगलं असतं तरी फळ मिळायची शक्यता निम्मीच. म्हणून मादी झाडावरून केलेलं कलम घ्यायचं, आणि जायफळाच्या कलमाची काडी सरळ वर वाढणाऱ्या फांदीची आहे का हे विचारून घ्यायचं. आडव्या फांदीवरून केलेलं कलम झुडपासारखं पसरत राहतं. परागासाठी नर झाड लागतं, ते शेजारच्या कुळागरात होतंच. कोकमाच्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या जाती, कोकण अमृता आणि कोकण हातीस, कलमांत मिळतात. आम्ही अमृता घेतली.

रोपवाटिकेतली पारख

कलमांसाठी जुन्या गोव्यातली केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्था आणि कृषी खात्याची कोडारची फार्म या दोन जागा मी नेहमी पहिल्यांदा सुचवते. तिथलं रोप इथल्याच पावसात वाढलेलं असतं आणि जातीची खात्री असते. फुलझाडांसाठी खासगी रोपवाटिकेत जावं लागतं. तिथे मी विचारते, "हे झाड इथे किती दिवस आहे? मागचा पावसाळा त्याने इथे काढला आहे का?" एक पावसाळा काढून हिरवं असलेलं झाड, मग ते जरा बेढब का असेना, परवाच टेम्पोतून उतरलेल्या देखण्या झाडापेक्षा मला जास्त मोलाचं.

काकी माझ्यासोबत आल्या होत्या. त्यांची नजर साहजिकच फुललेल्या झाडांकडे गेली. फुलावरचं झाड घेण्यात तोटा असा, की त्याची ताकद फुलांत चाललेली असते, मुळं धरायला ती उरत नाही. शिवाय फूल पाहून आपण पान उलटून बघत नाही. मी त्यांना पानं उलटून बघायला लावली. पांढरी माशी, खवले कीड, पिठ्या ढेकूण, सगळे पानामागे आणि पेरांत राहतात. पान चिकट लागलं, वर काजळी धरली असली, खोडावरून मुंग्यांची रांग चढत असली, तर वर कुठेतरी रस शोषणारी कीड आहेच. मुंग्या तिच्या गोड स्रावासाठी येतात.

मग पिशवी. एका हाताच्या बोटांत बुंधा धरून, झाड उलटं करून, गोळा हळूच बाहेर काढायचा. पांढरी, टणक, टोकं जिवंत असलेली मुळं दिसली आणि मातीला पावसाळी वास आला तर झाड चांगलं. मुळं गोळ्याभोवती गोल फिरून जाळं झालेली असतील, तर ते पिशवीत जास्त काळ राहिलेलं आहे. काही मालक पिशवी उघडू देत नाहीत. तिथून मी झाड घेत नाही, आणि तुम्हीही घेऊ नये असं मला कळकळीने सांगायचं आहे.

अबोलीच्या पहिल्याच रोपात या तपासणीचं चीज झालं. वरून हिरवंगार, दोन तुरे आलेले. गोळा काढला तर बारीक मुळांवर मोहरीएवढ्या गाठी. सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरून राहणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी. काकींनी बोटाने गाठ चेपून पाहिली, ती मुळाच्या आतच होती, मातीचा खडा नव्हे. असं एक रोप फणसाखालच्या चांगल्या मातीत गेलं असतं तर ती जमीन कायमची बाधली असती. तिथल्या हळदीलाही सूत्रकृमी सोडत नाहीत. ती पूर्ण रांग आम्ही सोडली आणि गावातल्या एका बाईंकडून, ज्यांच्या परसात अबोली वर्षानुवर्षं निरोगी होती, छाट घेतले. पिशवीतल्या तणाकडेही लक्ष द्या. लव्हाळ्याचं एक पातं दिसलं तरी तळाशी गाठ आहे, आणि ती एकदा आवारात शिरली की जात नाही.

पिशवी मोठी, झाड उंच, म्हणजे चांगलं हा समजही काकांच्या डोक्यातून काढावा लागला. आंब्याचं एक-दीड वर्षाचं कलम पाच वर्षांच्या उंच कलमापेक्षा लवकर मुळं धरतं आणि तीन पावसाळ्यांत त्याला गाठतं. कलमाचा जोड नीट भरलेला, वीतभर उंचीवर आणि प्लास्टिकची पट्टी साल कापत नसलेला बघून मानकुराद घेतला. लावताना जोड मातीच्या वर ठेवायचा.

केळीचे मुनवे (कंदाला फुटणारी पिल्लं) भाऊंच्या कुळागरातून घेतले, पण तेही निवडून. अरुंद, तलवारीसारख्या पानांचा मुनवा घ्यायचा. रुंद पानांचा पाणफुटवा दिसायला गलेलठ्ठ असला तरी घड हलका देतो. कंद तासून बघितला की सोंड्या भुंग्याची भोकं दिसतात. आणि ज्या बेटात एखाद्याही झाडाची पानं आखडून शेंड्याला गुच्छ झाली असतील, ते पर्णगुच्छ या विषाणू रोगाचं बेट. तिथला कुठलाच मुनवा घेऊ नये.

मिरीसाठी बाहेरची रोपं न आणता, भाऊंच्या ज्या वेलांनी अनेक पावसाळे काढले होते त्यांच्या धावत्या फांद्यांपासून रोपं केली. मर लागलेला भाग वरच्या पाटाकडे होता. तिकडची माती, पाणी, अवजारं आपल्याकडे येऊ द्यायची नाहीत, हे काकांनी नेमाने सांभाळलं.

आणलेलं प्रत्येक झाड तीन आठवडे इतरांपासून लांब, मागच्या अंगणात ठेवलं. एका तगरीवर पांढरी माशी निघाली. साबणाच्या पाण्याने धुऊन, दोनदा पाहून मगच ती पुढे आली.

लावणी

झाडं दोन हप्त्यांत लावली. कलमं, जाई, केळी मृगाचा पाऊस जमिनीत मुरल्यावर, जूनच्या शेवटी. नाजूक फुलझाडं पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात. जिथे चिकण गोळा टाळता आला नाही, तिथे झाड बादलीत भिजवून निम्मी-अधिक माती बोटांनी सोडवली, फिरलेली मुळं मोकळी केली आणि आवारातल्याच मातीत शेणखत मिसळून लावलं. आम्ल मातीला लावणीआधी डोलोमाइट दिलं, त्याने चुना आणि मॅग्नेशियम दोन्ही मिळतं. एक्झोराच्या उंचवट्याला मात्र दिलं नाही. कलमांच्या भोवती नारळाची सोडणं खोलगट बाजू वर करून पुरली. ती पावसाचं पाणी धरून उन्हाळ्यात हळूहळू सोडतात.

पुढच्या पावसाळ्यानंतर

दुसऱ्या दसऱ्याला मी गेले तेव्हा जाई मांडवाला लागली होती. चतुर्थीला जास्वंद आणि तगर घरची झाली, माटोळीला घरची फळं यायला अजून काही वर्षं आहेत. एक्झोराची नवी पानं हिरवी आली. मानकुरादला तीन पालव्या फुटल्या. मिरीचा एक वेल गेला. उपटून पाहिलं तर तिथे उंचवटा खचून पाणी थांबलं होतं, तो भाग पुन्हा उचलून घेतला. जायफळाच्या कलमाला दुपारचं ऊन जास्त झालं, पानं करपली. त्याला केळीच्या सावलीत हलवावं की दुसरं कलम घ्यावं, यावर काका आणि भाऊ यांचं एकमत नाही. माझं मत दुसरं घ्यावं असं आहे, कारण नुकतं धरलेलं मूळ पुन्हा हलवणं जायफळ सहसा सोसत नाही.

गुलाबाचं काकींनी शेवटी मला विचारलं, जरा संकोचानेच. मी त्यांना गावठी गुलाब सुचवला, फिक्या गुलाबी, सुवासिक फुलांचा. कुंडीत, पूर्वेच्या पडवीच्या कडेला, वर पारदर्शक पत्रा, म्हणजे सकाळचं ऊन मिळेल आणि पानं कोरडी राहतील. कुंडीत लाल माती, शेणखत आणि भरड वाळू. एका ओळखीच्या घरून दोन छाट आणून लावले आहेत, दोन्हींना फूट आहे. काकी रोज सकाळी पानं उलटून बघतात.